होडीच्या रंगाचं घर

अण्णांचा फोन आला तेव्हा मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. "पाऊस पुरा उघाडला," ते म्हणाले. "भिंती वाळल्यात. घर रंगवून घेऊ म्हणतो. तू नि दादा येताय काय?"

माझे वडील फोनवर एवढंच बोलतात, तेही आपण केला तर. श्रावणात आई गेली, त्यानंतर त्यांनी आपणहून केलेला हा पहिला फोन. मधल्या काळात मी कितीदा म्हटलं असेल, अण्णा, पनवेलला या, माझ्याकडे राहा. कधी म्हणत, सुपारी उतरायची हाय. कधी नुसतंच "बघू" म्हणून फोन ठेवून देत. आता घर रंगवायचं म्हणतात म्हणजे त्यांचं मन पुन्हा तिथं लागायला लागलं, असं मी धरून चालले. दादाला, ठाण्याला असणाऱ्या माझ्या थोरल्या भावाला, तसं सांगितलंही. त्यालाही बरं वाटलं. "आईचेच रंग लावू," तो म्हणाला. "मी डबे घेऊनच येतो."

आमचं घर दिवेआगरच्या अलीकडे, रस्ता सोडून वाडीत आत गेल्यावर लागतं. समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. पूर्वी या वाटेनं भरदुपारीही सावलीतून जायचं. काही वर्षांपूर्वीच्या चक्रीवादळानं नारळी-पोफळीची वाडी विरळ केली तेव्हापासून घरावर ऊन जास्त पडतं. आम्ही पोचलो तेव्हा घरापुढच्या खळ्यात सुपारी वाळत घातलेली होती आणि अण्णा ओटीवर बसले होते. दार उघडं होतं. दारातून माजघराची निळी भिंत दिसत होती आणि तिच्यापलीकडे स्वयंपाकघराची पिवळी. ते रंग दिसले की आई आत आहे असं वाटायचं, इतकी वर्षं. चपला काढून उंबरठ्यापर्यंत जाईतो मला तसंच वाटत राहिलं.

समुद्राकाठच्या घरात भिंतींचा एक वेगळा ऋतू असतो. पावसाळाभर भिंती पाणी पितात. त्यांना पोपडे धरतात, खालच्या अंगाला मिठासारखा पांढरा लोणा फुटतो, खुंटीवरच्या सदऱ्याला भिंतीचा वास लागतो. मग दसऱ्याच्या आसपास एका सकाळी वारा फिरतो. समुद्राचा चिकट वारा मागं सरतो आणि डोंगराकडून मतलई सुटते, कोरडी, सुकत्या गवताच्या वासाची. दोरीवरचे कपडे कडक होतात. काडी पहिल्याच ओढीला पेटते. लहानपणी त्या दिवसांत अण्णा सकाळी उठून घरभर फिरत आणि प्रत्येक भिंतीला हाताची मागची बाजू लावत, आजारी मुलाच्या कपाळाला लावावी तशी. "अजून वलसर हाय," म्हणत. ज्या सकाळी काही न बोलता हात काढून घेत, त्या सकाळी आई चुना भिजवायला घेई.

चुना शिंपल्यांचा असे. शिंपल्या भाजून केलेल्या त्या कळ्या पिंपात टाकायच्या आणि वरून पाणी ओतायचं. आधी काहीच होत नसे. मग आत कुणीतरी जागं झाल्यासारखा गडगडाट सुरू होई आणि पांढरी वाफ वर येई. "लांब व्हा, भाजाल!" आई ओरडे. आम्ही लांब होऊन पुन्हा जवळ येत असू. त्या वाफेला ओल्या दगडाचा वास होता. तसा वास मला नंतर कुठंही आला नाही. चुना निवला की आई तो जुन्या लुगड्यातून गाळून घेई, त्यात भाताची पेज घाली आणि शेवटी चिमूटभर नीळ. नीळ घालताना ती कुणाशी बोलत नसे. जास्त झाली तर भिंत निळी दिसणार, कमी झाली तर दोन महिन्यांत पिवळट पडणार. ती एक बोट बुडवून आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला ओढी, वाळेपर्यंत थांबे, मग हात उजेडात धरून बघे. तिच्या मनगटावर त्या दिवसांत असे किती पांढरे ओघळ असत.

घरातलं सगळं खळ्यात येई. ट्रंका, डबे, पाटे, देवाच्या तसबिरी. देव तेवढे तुळशीजवळ पाटावर. रिकाम्या घरात आम्ही 'कू' करून ओरडायचो आणि घर तसंच ओरडायचं. जेवणं बाहेर सुपारीच्या राशीशेजारी, झोपणं ओटीवर. अण्णा केवड्याच्या मुळ्या ठेचून कुंचले करत. ते उंचावरच्या भिंती घेत आणि आई हातापुरत्या. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत, पण एकाच्या कुंचल्याचा आवाज थांबला की दुसरा वळून बघे. शेवटचा हात वाळला की संध्याकाळी आई माजघरात एकच कंदील लावून ठेवी आणि तेवढ्यावर सगळ्या खोल्या उजळत. ती मध्ये उभी राही, पदर खोचलेला, भुवयांवर चुन्याचे थेंब. म्हणे, "आता बघा, या घरात सुईसुद्धा हरवायची नाही."

वर्षातल्या कुठल्याही सणाला मी तिला एवढं खूष पाहिलेलं नाही.

पहिल्यांदा पडला तो चहाचा कप. मी लेकीला घेऊन माहेरी आले होते. आईनं कप कट्ट्यावर ठेवला, पण कट्टा संपला होता तिथं. "धांदरटच झालेय मी," म्हणून ती हसली. मग दाराची कड तिच्या खांद्याला लागायला लागली. कोपरावर काळेनिळे डाग दिसायला लागले. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलं ते परत येणार नाही, उरलंय तेवढं सांभाळायचं, असं ते म्हणाले. अण्णांनी मान हलवली. आईनं विचारलं, "मग शिवण करू का नको?"

त्याच वर्षी दिवाळीआधी घराला चुना झाला. मी तेव्हा तिथंच होते. सामान अजून आत आणलेलं नव्हतं. खळ्यात अण्णा कुंचले धूत होते आणि आतून आईची हाक आली, "अवो." हाक नेहमीसारखी नव्हती. आम्ही धावलो. ती माजघराच्या मधोमध उभी होती, दोन्ही हात जरा पुढं धरून.

"मला दार सापडत न्हाय," ती म्हणाली. "सगळं दूध सांडल्यासारखं झालंय. भिंत कुठली नि दार कुठलं, काय कळत न्हाय."

तिनं स्वतः गाळलेला चुना होता, नीळ तिनंच घातलेली. अण्णांनी तिचा हात धरून तिला ओटीवर आणून बसवलं. त्या रात्री दोघंही जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते कोळीवाड्यात गेले. तिथं पांडू तांडेल म्हणून त्यांचा शाळेपासूनचा मित्र होता. कोरड्या दिवसांत होड्या वर ओढून रंगवायचं काम चालायचं, आणि डब्यांच्या तळाला रंग उरायचा. तो प्रसंग पांडूकाकांनी मला पुढं सांगितला. त्यांनी विचारलं, "होडीचा रंग तुला कशाला रं?" अण्णा म्हणाले, "बायकोला घर दिसंना झालंय." पांडूकाकांनी असतील नसतील ते सगळे डबे काढून दिले.

असं आमचं घर रंगीत झालं. स्वयंपाकघर हळदीसारखं पिवळं, माजघर गर्द निळं, न्हाणीकडं जायचा बोळ हिरवा, आणि दारांच्या चौकटी, उंबरठे, कट्ट्याची कड, पायऱ्यांचे काठ लालभडक. कितीतरी दिवस घराला होडीचा वास येत होता. वाडीत येणारेजाणारे दारातून डोकावत. कुणी म्हणे, "अण्णा, घर हाय का होडी?" अण्णा म्हणत, "होडीच हाय. बसतोस काय?"

पण आई पुन्हा चालायला लागली. निळ्यातून पिवळ्यात, पिवळ्यातून हिरव्यात. घरातल्या खोल्यांची जुनी नावं मागं पडली. "बाय, निळ्यात माझा चष्मा ऱ्हायलाय बघ," ती मला सांगे. माझी मुलगीही आजोळी आली की, "आज्जी, मी हिरव्यात लपलेय, शोध," म्हणून ओरडायची आणि आई लाल चौकटी धरत धरत तिला शोधायला जायची.

एकदा दुपारी अण्णा वाडीत पाणी लावत होते. मी आणि आई कट्ट्यापाशी वाल सोलत बसलो होतो. तिनं आवाज खाली करून विचारलं, "कसं दिसतं गो घर?"

"छान दिसतं," मी म्हटलं.

"खोटं नको बोलू. जत्रेतल्या पाळण्यासारखं दिसत असणार." ती हसली, मग सोललेल्या वालांवरून हात फिरवत राहिली. "चुना किती शांत असायचा. भिंतीकडं बघितलं की डोक्यावर कुणीतरी हात ठेवल्यागत वाटायचं." आणि मग घाईनं म्हणाली, "त्यांना सांगू नको हां. जीव तोडून रंगवलंय त्यांनी."

मी सांगितलं नाही.

दरवर्षी पाऊस संपला की अण्णा रंग देत राहिले. आईचं दिसणं कमी होत गेलं. आधी हिरवा गेला, मग निळा, पिवळा सगळ्यांत शेवटपर्यंत टिकला असं ती सांगायची. मग उजेड आणि अंधार एवढंच उरलं, आणि पुढं तेही नाही. तरी अण्णा रंगवतच राहिले. एका वर्षी मी गेले तेव्हा शेवटचा हात चालू होता. आई भिंतीपाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "यंदा पिवळा बरा उमटलाय, न्हाय का?" ती उभी होती निळ्या भिंतीसमोर.

अण्णांच्या हातात कुंचला होता. त्यांनी तो डब्याच्या काठाला निपटला. "व्हय," म्हणाले. "चांगला उमटलाय."

त्या घराबाहेर आईला पाऊल टाकता येत नसे. परक्या घरात तिला कोपरा न् कोपरा नव्यानं शोधावा लागला असता. म्हणून ती कुठं गेली नाही, आणि ती नाही म्हणून अण्णा नाहीत. माझ्या पनवेलच्या घराच्या वास्तुशांतीलाही दोघं आले नाहीत. वाडीतले नारळ तेवढे पाठवले.

वादळात छप्पर उडालं तेव्हा दोघं माजघरात एका कोपऱ्यात घोंगडी पांघरून बसले होते. वारा पडल्यावर, दुसऱ्या दिवशी ऊन आलं, तेव्हा आई स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेली आणि तिथंच थांबली. "अवो, घरात अंगावर ऊन कसं पडतंय?" तिनं विचारलं. अण्णांनी तोवर तिला छपराचं सांगितलं नव्हतं. पुढं पत्रे चढले, पण त्या भिंतींनी जे पाणी प्यायलं ते कितीतरी दिवस बाहेर पडत होतं. रंगाखाली फुगे धरत आणि फुटत. अण्णा भिंतीला हात लावून बघत आणि पुन्हा पुन्हा रंग देत. आई तिच्या सवयीनं भिंतीवरून हात फिरवत चाले आणि फुगा लागला की म्हणे, "हिच्या अंगावर देवी आल्यात वाटतं."

यंदा पोचल्याबरोबर दादानं गाडीतून डबे काढले आणि ओटीवर मांडले. आईच्या दिवसांना काढलेले घराचे फोटो त्याच्या मोबाइलवर होते, ते दाखवून त्यानं दुकानात रंग जुळवून घेतले होते. पिवळा हुबेहूब तोच. एक झाकण उघडून त्यानं अण्णांना दाखवलं. अण्णा बराच वेळ डब्यात बघत राहिले.

"दुकानवाला हे परत घेईल काय?" त्यांनी विचारलं.

"का? चुकीचा आणला का?"

"न्हाय रे. बरोबर हाय." ते उठले आणि आम्हाला परसात घेऊन गेले. तिथं प्लॅस्टिकच्या पिंपात चुना भिजवलेला होता. दुकानातल्या पिशवीतला होता, शिंपल्यांचा आता कुठला मिळायला. "पांढरं करायचंय," ते म्हणाले. "सगळं."

दादा म्हणाला, "अण्णा, ऑइलपेंटवर चुना धरणार नाही."

"ठाव हाय. खरवडू या."

आम्ही खरवडायला लागलो. पत्र्याच्या पट्ट्यांनी, कोयत्यानं, उलथन्यानं. आधी वाटलं, दुपारपर्यंत एक भिंत होईल. ती होता होता संध्याकाळ झाली. निळ्याखाली निळा निघत होता, त्याखाली आणखी गर्द निळा. रंगाच्या जाड खपल्या पायाशी पडत होत्या, मोडल्या की कडेला एकाखाली एक सगळी वर्षं दिसत होती. तोंडाला फडकं बांधूनही नाकात तोच वास, होडीचा. मला शिंका येत होत्या आणि डोळ्यांतून पाणी, आणि कशानं काय येतंय हे मी बघायला गेले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माजघरातून स्वयंपाकघराकडं जाणारी भिंत घेतली. तिच्यावर, माझ्या कमरेच्या जरा वर, एक लांब पट्टा होता. तिथं रंग झिजून गुळगुळीत झाला होता, थोडा काळपट, तेलकट. अण्णा वर्षातून एकदा त्याच्यावर रंग देत आणि आईचा हात तो वर्षभरात पुन्हा झिजवून टाकी. चौकटीपाशी पट्टा थांबत होता आणि चौकटीच्या पलीकडे पुन्हा सुरू होत होता. दादानं पट्टी उचलली आणि तशीच धरून राहिला.

"तेवढा ठेवू या का, अण्णा?" मी म्हटलं.

"न्हाय." ते स्टूल ओढून त्या भिंतीपाशी बसले. "हा माझ्याकडं द्या. तुम्ही जरा सुपारी उलथून या."

आम्ही खळ्यात गेलो. ऊन चांगलं तापलं होतं, मतलई पडली होती, आणि सुपारी उलथताना तिचा तुरट वास वर येत होता. आतून पट्टीचा आवाज येत होता. मध्येच थांबायचा. आम्ही दोघं हातातलं काम थांबवून ऐकायचो. पुन्हा सुरू व्हायचा. दादा म्हणाला, "जाऊन बघू का?" मी नको म्हटलं.

संध्याकाळी ओटीवर चहा घेताना अण्णांनी आपणहून विषय काढला. त्यांच्या पांढऱ्या दाढीच्या खुंटांत निळी धूळ बसली होती.

"शेवटली वर्षं तिला काय पण दिसत नव्हतं," ते म्हणाले. "ती म्हणायची, पिवळा बरा उमटलाय. मी पण व्हय म्हणायचो."

"तुम्हाला ठाऊक होतं?" दादानं विचारलं.

"मला ठाव होतं. नि मला ठाव हाय हे तिला ठाव होतं." त्यांनी बशीतला चहा संपवला. "मी रंग द्यायचं थांबलो असतो तर त्याचा अर्थ काय झाला असता? म्हणून द्यायचो. तिला चुनाच आवडायचा. ते पण ठाव होतं."

मी आईनं सांगितलेलं तेव्हाही बोलले नाही. बोलण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

चुना द्यायला आम्हाला खरवडण्याइतका वेळ लागला नाही. नीळ किती घालायची यावरून अण्णा आणि मी दोघंही गोंधळलो. मी आईसारखं मनगटावर ओढून बघितलं, पण माझ्या मनगटावरून मला काही कळेना. शेवटी अण्णांनी अंदाजानं चिमूट टाकली. जरा जास्तच झाली. ओल्या भिंती राखाडी दिसत होत्या, काहीच झालं नाही असं वाटावं इतक्या. मग सकाळी कोरडा वारा घरातून आरपार फिरायला लागला आणि एकेक भिंत उजळत गेली. आधी माजघर, मग बोळ, मग स्वयंपाकघर. आम्ही तिघं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊन बघत होतो आणि कुणीच कुठल्या खोलीचं नाव घेत नव्हतं. निळी म्हणावी तर ती निळी राहिली नव्हती. माजघर हा शब्द आमच्या तोंडातून कधीच गेला होता.

दादा सामान आत आणायला लागला तर अण्णांनी त्याला थांबवलं. "भांडीकुंडी माळ्यावर टाक. गाद्या गुंडाळून ठेव." मग ते आत गेले आणि कपड्यांची पिशवी घेऊन बाहेर आले. तीत आमच्या घरचे देवही होते, आईच्या एका लुगड्यात गुंडाळलेले.

"मी येतो तुझ्याकडं, बाय," ते मला म्हणाले. "वाडीचं शेजारी बघतील. बोललोय मी त्यांच्याशी."

इतके दिवस मी ज्यासाठी मागं लागले होते ते असं समोर उभं होतं आणि मला आनंद होईना. दादा घामानं भिजलेला, चुन्यानं माखलेला. तो जवळजवळ चिडूनच म्हणाला, "जायचंच होतं तर एवढा खटाटोप कशाला केला अण्णा? कुलूप लावून निघालो असतो."

अण्णांनी पिशवी खाली ठेवली. उघड्या दारातून आतल्या पांढऱ्या भिंतींकडं बघितलं.

"कसं लावू रे कुलूप?" ते म्हणाले. "ते सगळे रंग तिच्यासाठी होते. तसेच ठेवून गेलो असतो तर वाटलं असतं, तिला आत एकटीला चाचपडत सोडून आलो."

दादा दुसरीकडं बघायला लागला. मग त्यानं गाद्या गुंडाळल्या.

दार अण्णांनीच ओढून घेतलं. गाडीत ते पुढं, दादाशेजारी बसले. मी मागं, पायाशी देवांची पिशवी घेऊन. वाडी संपली, रस्ता लागला, समुद्राचा आवाज मागं राहिला. अण्णा मागं वळून बघतील असं मला वाटत होतं. ते बघत नव्हते. नखांतला चुना काढत बसले होते. म्हसळ्याचा घाट चढून गेल्यावर त्यांनी समोरच्या काचेकडं बघतच विचारलं, "तुझ्याकडं भिंतींना रंग कंचा हाय गो?"

मला पटकन आठवेना. इतकी वर्षं मी त्या घरात राहते, दिवे लावते, झोपते, उठते.

"साधाच आहे अण्णा," मी म्हटलं. "दुधी."

त्यांनी हात मांडीवर पुसले. मग म्हणाले, "असू दे. मला अजून दिसतं."